उंदराच्या डोळ्यातील हद्दी

उभी हयात मोजणी खात्यात घालवलेले इंदापूर तालुक्यातील एक निवृत्त भूकरमापक, आप्पा, रोज पहाटे संगणकापुढे बसून एका खेळात उंदराच्या नेत्रपटलाची मोजणी करतात, असे बारामतीत एका स्नेह्याने सांगितले. आणि शेताची हद्द ठरविणारी दृष्टी मज्जापेशींकडे कशी वळली, या कुतूहलाने मी उसाच्या फडांमधला रस्ता धरून त्यांच्या ओसरीवर गेलो.

अमेरिकेतील एमआयटीत सेबॅस्टियन सुंग यांच्या प्रयोगशाळेने 2012 साली सर्वांस खुला केलेला 'आयवायर' हा तो खेळ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या अतिसूक्ष्म छेदांच्या करड्या चित्रांतून एकाच पेशीचा तंतू ओळखीत जावयाचा. बराचसा भाग यंत्र स्वतः रंगवते, परंतु पेशीची कड पुसट झाली की ते फसते.

अशाच एका जागी आप्पांचा हात थांबला. दोन डागांमधली काळी रेघ नाहीशी झाली होती. काही छेद मागे, काही पुढे, पुन्हा मागे जाऊन ते म्हणाले, "बांध मोडला म्हणून हद्द मोडत नाही. दोन्ही अंगच्या खुणा बघायच्या." त्यांचे ते थांबणे मला अजून आठवते.

एकाच तुकड्यावर अनेक खेळाडू परस्परांस न विचारता काम करतात, आणि त्यांचे जेथे मतैक्य होते तेच ग्राह्य धरले जाते. ज्याची अचूकता सिद्ध झालेली, त्याच्या मतास वजन अधिक. ही पंचांची रीत आप्पांना मनापासून पटली होती. अशा श्रमांतूनच 2014 साली 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला: नेत्रपटलातील स्टारबर्स्ट पेशींना सावकाश संदेश देणाऱ्या पेशी त्यांच्या मध्याजवळ, तर त्वरित देणाऱ्या दूर जोडलेल्या आढळल्या, आणि डोळ्यास हालचालीची दिशा कशी उमगते याचा एक सयुक्तिक खुलासा मिळाला. लेखकांच्या नामावलीत खेळाडूंचाही सामूहिक नावाने समावेश होता.

"माणसाच्या मेंदूत अदमासे 8,600 कोटी मज्जापेशी," आप्पा म्हणाले. संशोधक व स्वयंसेवकांनी मिळून फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा 2024 साली प्रसिद्ध केला, त्यात 1,39,255 मज्जापेशी आहेत. त्यांच्यापुढे 8,600 कोटी म्हणजे अनेक पिढ्यांचे काम. यंत्रे यापुढे अधिक कुशल होतील, हे खरे. तथापि संशयाच्या जागी घाई न करणारी माणसे तरीही लागतील, आणि ती पात्रता पदवीने येत नाही. म्हणून बारामती-इंदापूरच्या शाळांतील मुलांच्या हाती हे काम मराठी सूचनांसह आले पाहिजे, आणि त्यांना पहिले धडे देण्यास आप्पांसारख्यांना बोलाविले पाहिजे.