वणव्याचा धूर

वणवा म्हटला की डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या ज्वाळा. परंतु ज्वाळांचा संहार त्या पोचतात तेवढ्यापुरताच असतो. धुराला तशी सीमा नाही. जून २०२३ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताची अरण्ये पेटली आणि शेकडो किलोमीटर दूर असलेल्या न्यूयॉर्कचे आकाश भर दिवसा नारिंगी झाले. भारतातही हे संकट अपरिचित नाही. उत्तराखंडात चैत्र-वैशाखात चीड वृक्षांखाली सुईसारख्या वाळक्या पानांचा थर साचतो. तेथे त्याला पिरूल म्हणतात. ठिणगी पडताच तो पेट घेतो, आणि वारा पडला की धूर दऱ्याखोऱ्यांत कोंडून राहतो.

या धुरात असते तरी काय? आगीच्या निकट कार्बन मोनॉक्साइड हा वायू विशेष घातक. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. दूरवर जातात ते सूक्ष्म कण. त्यांतील बहुतेकांचा व्यास अडीच मायक्रॉनांहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान असतो.

निसर्गाने श्वासमार्गावर पहारा ठेवला आहे. नाकातील केस व श्वासनलिकेतील चिकट स्राव जाड धूळ अडवतात. खोकला ती बाहेर टाकतो. सूक्ष्म कण मात्र हा पहारा चुकवून फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत उतरतात. तेथे दाह उत्पन्न होतो आणि त्याचे परिणाम रक्तावाटे हृदयापर्यंत पोचतात. म्हणून हा धूर केवळ दमेकऱ्यांचा वैरी नव्हे. हृदयविकार असलेल्यांना, वृद्धांना, बालकांना व गर्भवती स्त्रियांनाही त्यापासून विशेष धोका असतो.

नाकातोंडावर ओला फडका बांधण्याची रीत जुनी आहे. त्याने घशाला आराम पडतो, मोठी राख अडते. सूक्ष्म कण मात्र विणीतून सहज आत शिरतात. खोकला थांबला म्हणजे संकट टळले, ही समजूतच घातक ठरते. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हे कण बहुतांशी रोखतो; विषारी वायू मात्र त्यानेही अडत नाहीत. धूर असेतो दारे-खिडक्या लावाव्यात, घरात उदबत्तीही पेटवू नये आणि कष्टाची कामे टाळावीत; कारण श्रमाने श्वास वाढतो व त्यासवे धूरही अधिक आत जातो. दमेकऱ्याने औषध हाताशी ठेवावे. छातीत दुखू लागल्यास किंवा धाप न शमल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आग विझल्याची वार्ता आली, तरी हवा निवळेपर्यंत ही दक्षता सोडू नये.