वाडा मिळाला, शेजार नाही

२०२१च्या १५ ऑगस्टला तालिबानने काबूल घेतलं, आणि पुढचे काही आठवडे पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांच्या बातम्या येत राहिल्या. व्हिसाची मुदत संपत आलेली, घरून पैसे येणं थांबलेलं, मागे आईबाप कुठे आहेत याचा पत्ता नाही. १९५१च्या निर्वासितांविषयीच्या करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. त्यामुळे असा माणूस कागदोपत्री परदेशी विद्यार्थी असतो, नाहीतर नुसताच परदेशी. विद्यापीठाच्या आवारात त्याला खोली मिळू शकते. पण बायकोने भाजी कुठून आणायची, पोराला कुठल्या शाळेत घालायचं, रात्री ताप चढला तर कुणाचं दार वाजवायचं, हे रकाने कुठल्याच अर्जात नसतात.

आम्हा रत्नागिरीकरांना अशा वेळी ब्रह्मदेशाचा राजा थिबा आठवतो. तो निर्वासित नव्हता, राजबंदी होता, हे खरं. पण परक्या मुलखात आणून ठेवलेलं एक अख्खं कुटुंब या गावाने तेहतीस वर्षं पाहिलं आहे.

१८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली. राजा थिबा, राणी सुपयालत, धाकटी राणी आणि दोन लहान मुली यांना आधी मद्रासला नेलं. तिसरी मुलगी तिथेच झाली. १८८६च्या एप्रिलमध्ये बोट रत्नागिरीला लागली. थिबा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. चौथी मुलगी पुढच्या वर्षी इथे जन्मली. रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद, असं आडबाजूचं गाव सरकारला सोयीचं होतं. (रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्याच सरकारने १९०८ साली मंडालेला धाडलं, हा योगायोग सगळ्यांचा सांगून झाला आहे, म्हणून इथे थांबत नाही.)

भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला जांभ्या दगडाचा आणि ब्रह्मी सागवानाचा वाडा पाहून पर्यटकांना वाटतं, राजाची बडदास्त काय होती! वाडा १९१० साली तयार झाला. त्याआधीची चोवीस वर्षं हे कुटुंब बंगल्यांत राहिलं होतं आणि वाड्यात राजाला सहाच वर्षं मिळाली. तनखा होता, पहारा होता, फाटकाबाहेर पडायला परवानगी लागायची. पैसे पुरत नसत, मग मंडालेहून आणलेले दागिने विकले जात.

मला खुपतं ते मुलींचं. चारही राजकन्या इथे वाढल्या, पण शाळेत एकही गेली नाही. त्यांच्या तोलाचे नवरे मिळेनात. सरकार आणि बाप यांच्यात त्यावर पत्रापत्री होत राहिली आणि मुलींची वयं उलटून गेली. बरोबर आलेले ब्रह्मी नोकर हळूहळू परतले, त्यांच्या जागी गावातली माणसं आली. मुली मराठी शिकल्या त्या याच माणसांत राहून. त्यांना इथे रुळवण्याचं काम कुणी केलं असेल तर ते कलेक्टरसाहेबाने नव्हे, कामवाल्या बायकांनी आणि दारावरच्या माणसांनी.

हे वेगळं होऊ शकलं असतं, आणि त्याचा दाखला फार लांब नाही. घाट चढून कोल्हापूरला गेलं की वळिवडे लागतं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएतांनी पोलंडमधून हद्दपार केलेली माणसं इराणमार्गे भारतात पोचली. त्यांतली सुमारे पाच हजार १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. घरं म्हणजे साध्या बराकी, पण प्रत्येक कुटुंबाची चूल वेगळी. पोलिश शाळा, चर्च, नाटकं, स्काउट सगळं होतं. पोरं आपल्या भाषेत शिकत आणि कोल्हापूरच्या बाजारात फिरत. १९४८च्या सुमारास ते लोक पांगले आणि त्याच बराकींत फाळणीने उठवलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर ते हेच, कापडाची मोठी बाजारपेठ. वळिवड्यात वाडा नव्हता, पण चूल, शाळा आणि शेजार होता. एवढ्या पुंजीवर माणूस उभा राहतो, हे माझं मत या दोन गावांकडे बघूनच झालं.

१९१६च्या डिसेंबरात थिबा वारला. मायदेशी न्यायची आशा होती म्हणून त्याचा आणि आधी गेलेल्या धाकट्या राणीचा देह पुरला नव्हता. अखेर १९१९ साली दोघांना इथेच माती मिळाली, समाधी शिवाजीनगरात आहे. सुपयालत मुलींना घेऊन रंगूनला गेली. वाड्यात पुढे तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले. म्हणजे जिथे राजकन्यांना शाळा मिळाली नाही, तिथे कोकणातली पोरं पदविका घेऊन बाहेर पडली.

थोरली राजकन्या मात्र रंगूनला रमली नाही. राजकुटुंबाच्या दारावर काम करणाऱ्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला १९०६ साली मुलगी झाली होती, टुटू. राजकन्या रत्नागिरीला परत आली आणि १९४७ साली इथेच गेली. टुटूने पवारांच्या घरी संसार केला, हलाखीत दिवस काढले, शेण्या थापल्या. २००० साली ती रत्नागिरीतच वारली. मंडालेच्या राजाची ही नात मराठी बोलायची. तिला ब्रह्मी येत नव्हती.