गाडी उभी राहिली की हीटर गार का पडतो?

डिसेंबर-जानेवारीत मनालीहून सोलंग आणि अटल बोगद्याकडे जाणारा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो. एमएच पासिंगच्या गाड्याही त्या रांगेत असतात. गाडी पळत असते तोवर हीटर छान ऊब देतो. रांग थांबली, इंजिन नुसतं चालू राहिलं, की थोड्या वेळात झोत कोमट होतो आणि मग चक्क गार. रांग हलली की ऊब परत येते. बहुतेकांना वाटतं, हीटर बिघडला. खरं तर इंजिनात पाणी नीट फिरत नाही याची ही आगाऊ सूचना असते, आणि ती वेळीच ऐकली तर पुढचा मोठा खर्च वाचतो.

पेट्रोल किंवा डिझेल गाडीचा हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंधन जळताना निघणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग इंजिनाभोवती फिरणारं कूलंट उचलतं. इंजिन तापलं की थर्मोस्टॅटची झडप साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडते आणि कूलंट पुढच्या रेडिएटरकडे जाऊ लागतं. त्याच कूलंटचा एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जातो. त्याला हीटर कोअर म्हणतात. पंखा त्याच्यावरून हवा फुंकतो आणि ती गरम होऊन आपल्यापर्यंत येते.

हे सगळं फिरवणारा वॉटर पंप बहुतेक गाड्यांत इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेरे घेतं, म्हणजे पंपही सावकाश फिरतो. कुठे थोडासा अडथळा असेल तर वेगात पंप त्यावर मात करतो, पण उभ्या गाडीत त्याचं बळ अपुरं पडतं. म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. गाडी उभी ठेवून दोन हजार आरपीएमपर्यंत रेस द्या. मिनिटभरात ऊब परतली, तर दोष कूलंटच्या प्रवाहात आहे असं धरून चाला. कितीही रेस दिली तरी हवा गारच राहिली, तर मात्र गरम-गार हवा मिसळणारी डॅशबोर्डमधली झडप किंवा तिची केबल तपासावी लागेल.

प्रवाह मंदावण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे कूलंट कमी असणं. अनेक गाड्यांत हीटर कोअर बराच उंचावर असतो. पातळी उतरली की हवा तिथे जाऊन बसते. इमारतीची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की वरच्या मजल्याच्या नळात हवा अडकून पाणी येत नाही, तसाच हा प्रकार. पातळी पाहायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी. नुसती प्लास्टिकची बाटली पाहून थांबू नका. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून बघा, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होऊ शकतं. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट चेहऱ्यावर येतं. या झाकणाचा रबर सैल पडला तरी कूलंट जातं. अटल बोगद्याचं दक्षिण तोंड सुमारे ३,०६० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे झाकणाने धरलेला दाबच कूलंटला उकळू देत नाही.

कूलंट कमी सापडलं तर भरण्याआधी ते गेलं कुठे हे शोधा. होज पाईपच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, वॉटर पंपाखालचा ओला डाग पाहा. पुढच्या सीटसमोरची मॅट ओलसर, गाडीत गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं असेल, तर हीटर कोअरच गळतोय. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ दिसणं ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं आहेत. अशा गाडीने घाट चढू नये.

पातळी ठीक असेल तर इंजिन तापल्यावर डॅशबोर्डकडे जाणारे दोन होज पाईप जपून चाचपा, पंख्याच्या आणि पट्ट्याच्या आसपास हात नेऊ नका. दोन्ही सारखेच गरम असतील तर पाणी पोचतंय. एक कडक आणि दुसरा कोमट असेल तर कोअर चोंदला आहे. आपल्याकडच्या गाड्यांत याचं मूळ अनेकदा घरचंच असतं. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये बोअरचं किंवा नळाचं जड पाणी ओतलं जातं, त्यातले क्षार आणि गंज कोअरच्या बारीक नळ्यांत साचतात. पुण्या-मुंबईत हीटर लागतच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कळतही नाही. कोअर उलट दिशेने, हलक्या दाबाने धुऊन घेता येतो; जोराचा दाब दिला तर जुनी नळी फुटते. कोअरही साफ निघाला, तर वॉटर पंपाची झिजलेली पाती किंवा घसरणारा पट्टा यांच्याकडे वळावं.

थर्मोस्टॅट बदला, असा सल्ला सर्रास मिळतो. पण तो उघडाच अडकला असेल तर इंजिन उलट वेगात, थंड वाऱ्यात जास्त गार पडतं आणि तापमानाचा काटा खाली येतो. फक्त उभ्या गाडीत गार पडणाऱ्या हीटरसाठी त्याला सर्वांत आधी दोषी धरणं मला पटत नाही. काही गाड्यांत बिघाड नसतोच. डिझेल इंजिन उभ्या गाडीत फारच कमी उष्णता देतं, आणि हायब्रिड किंवा स्टार्ट-स्टॉप गाडीत सिग्नलला इंजिनच बंद होतं.

अडकलेली हवा काढताना गाडीचं नाक चढावर ठेवा. थंड इंजिनाचं झाकण उघडून कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा मंद ठेवून इंजिन चालू करा. बुडबुडे येतील, थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाईल, तेव्हा आणखी भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, त्यासाठी गाडीचं पुस्तक पाहा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा बघाच.

भरायचं ते निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. इथिलीन ग्लायकॉलचं हे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकतं. साधं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक चिरू शकतं. कूलंट विषारी आणि चवीला गोड असतं, सांडलेलं कुत्र्या-मांजरांसाठी तसंच सोडू नका.

हिमाचलला निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी दारात उभी ठेवून हीटर पंधरा मिनिटं चालवून बघा. आणि बर्फात अडकून इंजिन चालू ठेवावं लागलं, तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना हे पाहा आणि एक काच थोडी उघडी ठेवा; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.