पंप सारखा जाम होतोय? आधी आतला पंखा बघा

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीये: "दादा, सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीतला पंप महिन्यातून दोनदा जाम होतो. जास्त हॉर्सपॉवरचा घ्यायचा का?"

थांब मित्रा. आधी इंपेलर कुठला आहे ते विचार. इंपेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारा पंखा. स्वच्छ पाण्याच्या पंपात त्याच्या वाटा अरुंद असतात. तिथे ओले वाइप्स गेले की संपलं! ते टॉयलेट पेपरसारखे विरघळत नाहीत, एकमेकांत गुंतून दोरखंड होतो. मोटर मोठी लावली तरी वाट तेवढीच राहते ना?

सांडपाण्यासाठी चॅनेल इंपेलर येतो. एक-दोनच वाटा, पण रुंद. वीज कमी खातो, म्हणून दिवसभर चालणाऱ्या मोठ्या पंपांना बरा. लांब चिंध्या मात्र त्याच्याही पात्यांना गुंडाळतात. व्हॉर्टेक्समध्ये पंखा मागे सरकवलेला असतो, पुढे मोकळी जागा. तिथे भोवरा तयार होतो आणि बराचसा कचरा पंख्याला न शिवताच बाहेर पडतो. तेवढ्याच पाण्याला वीज जास्त लागते, हे खरंय. कटरवाला पंप कचरा बारीक करतो. बारीक पाइपातून उंच चढवायचं असेल तर तो घ्या. वाळू आली की धार गेली, एवढं लक्षात ठेवा.

कॅटलॉगमध्ये 'सॉलिड पॅसेज ८० मिमी' लिहिलेलं असतं. म्हणजे ८० मिमीचा गोळा आरपार जातो. गोळा हं, चिंधी नाही! इथेच लोक फसतात.

सोसायटीचा पंप दिवसातून थोडाच वेळ चालतो. त्यामुळे माझं मत व्हॉर्टेक्सला. विजेचे थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. कारण पंप जाम झाला की खाली कोण उतरतं? टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाला कळेनासाच होतो. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. सुरक्षासाधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी "दोन मिनिटांचं काम" म्हणून उतरवतातच.

म्हणून कोटेशन आलं की आणखी एक विचारा: पंप गाइड रेलवर बसणार का, आणि साखळीने वरूनच ओढून काढता येईल का? "नाही" म्हणाले, तर दुसरं कोटेशन मागवा.