उसाच्या मळ्यावरचे ऊन

तोडणीच्या दिवसांत साखर कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर आणि वाऱ्यावर येणारा रसाचा गोडसर वास ह्यांची आठवण मॉरिशसमध्ये वाढलेल्या आपणांपैकी कोणास नाही? परंतु संध्याकाळी घरात दिवा लावताना त्या प्रकाशाचा काही अंश त्याच धुराड्याखाली जळणाऱ्या चिपाडापासून आलेला असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. मी एकदा वर्गात मुलांस विचारले, "वीज कोठून येते?" एक मुलगा तत्काळ उभा राहून म्हणाला, "भिंतीतून, गुरुजी." वर्ग हसला. मी हसलो खरा, पण घरी जाताना मनात आले की ह्या मुलाचा पणजोबा ज्या उसासाठी समुद्र ओलांडून आला, त्या उसाचा आणि भिंतीतील विजेचा संबंध त्याला कोणी सांगितलाच नाही, आणि त्यात त्याच्या गुरुजीचाही दोष आहेच.

हा संबंध नीट समजून घ्यावयाचा तर आपल्या बेटापासून फार दूर, पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे जाणे सोयीचे आहे. आज ती बेटे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक राज्य आहेत. भारतातील कराराचे मजूर तिकडे नेले गेले नाहीत, त्यामुळे तेथे आपले सगेसोयरे नाहीत. तरीही तेथील इतिहास वाचू लागले की चुलतभावाच्या घरी आल्यासारखे वाटते. आपल्याकडे १८३४ साली पहिले गिरमिटिये उतरले. हवाईत १८३५ साली काउआई बेटावर कोलोआ येथे उसाचा पहिला यशस्वी मळा सुरू झाला, १८५० मध्ये मालक आणि नोकर ह्यांच्या कराराचा कायदा झाला, आणि १८५२ मध्ये चीनमधून कराराने बांधलेले मजूर आले. पुढे पोर्तुगीज आले, जपानी आले. मळ्यावर प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला असे. त्यास 'बँगो' म्हणत. पगार त्या क्रमांकावर मिळे, आणि मुकादम, ज्यास तेथे 'लूना' म्हणत, माणसास नावाने नव्हे, क्रमांकाने हाक मारी. आपल्या वाडवडिलांची तिकिटे आणि त्यांवरील क्रमांक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ह्यावर अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेने ती बेटे जोडून घेतल्यावर १९०० साली तेथील कराराची मजुरी कायद्याने बंद झाली, पण ऊस राहिला.

ह्याच हवाईत मौना लोआ नावाचा प्रचंड ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावरील वेधशाळेत चार्ल्स कीलिंग ह्या शास्त्रज्ञाने १९५८ च्या मार्चमध्ये हवेतील कर्बाम्ल वायू, म्हणजे आज ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो, मोजण्यास आरंभ केला. शहरांपासून आणि कारखान्यांपासून दूर, समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा तेथे मिळते म्हणून ती जागा निवडली होती. त्या वर्षी दहा लाख भाग हवेत त्या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ च्या मे महिन्याची सरासरी ४२७ च्या जवळ गेली. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि तो वाढतो तशी पृथ्वी तापते. समुद्र चढतो, पाऊस आपली वेळ विसरतो. बेटावर राहणाऱ्यांस ह्याचा अर्थ किनाऱ्यावर उभे राहिले तरी कळतो.

आता चिपाडाकडे वळू. ऊस वाढताना हवेतील कर्बाम्ल वायू शोषून घेतो आणि उन्हाच्या बळावर त्यापासून साखर व तंतू बनवितो. शंभर किलो ऊस गाळला की सुमारे तीस किलो ओलसर चिपाड उरते. ते भट्टीत जाळले की तोच वायू पुन्हा हवेत जातो. पण पुढच्या वर्षीचा ऊस तो परत घेतो, म्हणून हिशेब जवळजवळ बरोबरीत राहतो. दगडी कोळशाचे तसे नाही. कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला कर्ब आपण वर काढतो आणि तो परत नेऊन ठेवणारे कोणी नसते. चिपाड म्हणजे मळ्यावर पडलेले ऊनच होय. फक्त ते साठवून ठेवलेले ऊन आहे, आणि ते साठविण्यासाठी शेतात कोणीतरी राबावे लागते. हे शेवटचे वाक्य पुस्तकांत सहसा सापडत नाही, परंतु माझ्या मते सगळी गोष्ट त्यातच आहे.

माउई बेटावर पुउनेने येथे १९०१ पासून एक भव्य साखर कारखाना होता. त्याच्याभोवती सुमारे ३६,००० एकर ऊस पसरला होता. हा कारखाना चिपाड जाळून आपले यंत्र चालवी आणि उरलेली वीज बेटाच्या वीजकंपनीस विकी. 'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द जन्मण्यापूर्वीपासून हे काम चालले होते. तरी त्याचे गोडवे गाऊ नयेत. चिपाड अपुरे पडे तेव्हा कोळसा आणि तेलही जळे. तोडणीपूर्वी उभा ऊस पेटवून देत, त्याचा धूर गावांवर पसरे आणि लोक तक्रारी करीत. उसासाठी पूर्व माउईच्या डोंगरांतील ओढ्यांचे पाणी कालव्यांनी वळविले होते आणि त्या ओढ्यांवर अळू पिकविणारी मूळ हवाई कुटुंबे कोरडी पडली होती. अळूचा कंद हे त्यांचे अन्न होय, आपल्याकडील भातासारखे. त्या पाण्याचा तंटा अनेक दशके न्यायालयांत चालला.

२०१६ च्या जानेवारीत मालक कंपनीने जाहीर केले की ह्या हंगामानंतर ऊस बंद. डिसेंबरात शेवटचा ऊस गाळला गेला. सुमारे ६७५ माणसांची नोकरी गेली, त्यांत कित्येक असे होते की ज्यांचे आजे-पणजे त्याच मळ्यावर बिल्ला घालून आले होते. ह्यानंतर हवाईत साखरेचा मोठा मळा उरला नाही. १८३५ पासूनचा अध्याय संपला, आणि त्याबरोबर चिपाडाची वीजही संपली. २०१८ च्या अखेरीस कंपनीने जवळजवळ ४१,००० एकर जमीन विकून टाकली.

जमीन पडीक राहिली की तेथे काय उगवते? माउईवर आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आणलेले उंच गवत उगवले. ते पावसात झपाट्याने वाढते, उन्हाळ्यात वाळून काडीसारखे होते, आणि पेटले की त्याची मुळे मरत नाहीत. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाहाइना गावाच्या माथ्यावरचा साखर कारखाना तर १९९९ सालीच बंद झाला होता, आणि त्याच्या जुन्या शेतांत हे गवत माजले होते. ८ ऑगस्ट २०२३ रोजी डोंगरावरून प्रचंड वारा सुटला. विजेची तार तुटून सकाळी लागलेली आग विझली असे समजून बंब परतले, आणि दुपारी तीच पुन्हा भडकली. काही तासांत गाव जळून गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. अमेरिकेत गेल्या शंभर वर्षांत वणव्याने इतके बळी घेतले नव्हते. हवा तापल्यामुळे हे झाले, की गवत माजल्यामुळे, की जुन्या तारांमुळे, ह्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला वाटते तिन्ही गोष्टी एकमेकींचा हात धरून आल्या. परंतु त्यांपैकी गवत ही गोष्ट अशी की ती एखाद्या शेतकऱ्याच्या विळ्यास थांबविता आली असती.

हवाईचे सरकार ह्या काळात स्वस्थ बसले नव्हते, हे सांगितले पाहिजे. त्या बेटांना कोळसा नाही, तेल नाही. सारे जहाजाने आणावे लागते, म्हणून तेथील वीज अमेरिकेतील सर्व राज्यांत महाग आहे. २०१५ च्या जूनमध्ये राज्यपाल डेव्हिड ईगे ह्यांनी एका कायद्यावर सही केली. त्यानुसार २०४५ पर्यंत राज्यात विकली जाणारी सर्व वीज सूर्य, वारा, पाणी, भूगर्भातील उष्णता आणि वनस्पती ह्यांसारख्या न संपणाऱ्या साधनांपासून आली पाहिजे. असा निश्चय करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. हे ईगे ओकिनावाहून आलेल्या स्थलांतरितांच्या वंशातील आहेत, हा योगायोग आपल्या वाचकांस आवडेल. १ सप्टेंबर २०२२ रोजी ओआहू बेटावरील १८० मेगावॉटचा कोळशाचा वीजकारखाना बंद झाला. राज्यातील तो शेवटचा. त्याची जागा सूर्याने लगेच घेतली असे मात्र झाले नाही. योजलेली सौरक्षेत्रे वेळेवर उभी राहिली नाहीत आणि काही काळ कोळशाऐवजी तेलच अधिक जाळावे लागले. लोकांनी कुरकुर केली आणि ती रास्त होती. पुढे २०२३ च्या अखेरीस कापोलेई येथे १८५ मेगावॉटची विद्युत्घटमाला, म्हणजे बॅटऱ्यांचे मोठे कोठार, कामास लागली. दुपारचे ऊन त्यात भरून ठेवावयाचे आणि रात्री काढावयाचे. चिपाडाची गंजी जे काम महिनोन्महिने करी, तेच काम हे कोठार तीन तास करते. त्यास मी कमी लेखत नाही, केवळ मापाचा फरक सांगतो.

माझे मन रमते ते मात्र काउआईवर. तेथे २००२ साली वीजग्राहकांनी सहकारी संस्था स्थापून खासगी कंपनीकडून बेटाचा सारा वीजव्यवसाय विकत घेतला. महाराष्ट्रात प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने आपला साखर कारखाना आपणच उभारला, त्याची येथे आठवण होते. ज्याच्या घरात दिवा लागतो तो प्रत्येक जण त्या संस्थेचा सभासद, आणि संचालक त्यांच्याच मतांनी निवडले जातात. आरंभी त्यांची वीज बहुतेक तेलाची होती. आज निम्म्याहून अधिक वीज सूर्य, पाणी आणि लाकूडफाटा ह्यांची आहे, आणि २०१९ च्या अखेरीपासून भर दुपारी काही तास तेलाचे यंत्र पूर्ण बंद ठेवून बेट चालविण्याचे प्रसंगही आले. मळेवाल्यांनी १९०६ मध्ये वायनिहा येथे बांधलेले जलविद्युत्केंद्र अजून वीज देते. जेथे हवाईचा पहिला यशस्वी ऊसमळा सुरू झाला त्या कोलोआच्या परिसरात २०१४ पासून सौरक्षेत्र आहे, आणि जवळच लावाई येथे २०१९ मध्ये २८ मेगावॉटचे दुसरे, घटमालेसह, सुरू झाले. काचपट्ट्यांखाली उगवणारे गवत कापण्यास तेथे मेंढ्या सोडतात. मेंढपाळास चारा मिळतो, संस्थेचे काम होते आणि गवत वाळून पेटत नाही. कोणा पंडिताने नव्हे, कोणा गुराख्यानेच हे सुचविले असावे असे मला वाटते.

आता आपल्या घरी परत येऊ. मॉरिशसमध्ये १९५७ पासून साखर कारखाने उरलेली वीज सार्वजनिक जाळ्यास देत आले आहेत, आणि ह्या बाबतीत जग आपणांकडे शिकण्यास येते. परंतु जूनपासून डिसेंबरपर्यंत ज्या भट्टीत चिपाड जळते, हंगाम संपला की त्याच भट्टीत परदेशाहून आणलेला कोळसा जळतो. २०२१ मध्ये सरकारने कोळसा टप्प्याटप्प्याने सोडण्याचा निश्चय जाहीर केला. तो सोडला तर त्याची जागा कोण घेणार? काही सूर्य, काही वारा, आणि काही चिपाड व वाळलेली पाने, असे उत्तर मिळते. ठीक आहे. पण चिपाडासाठी ऊस हवा, आणि उसासाठी शेतकरी.

आपल्या आजोबा-पणजोबांनी करार संपल्यावर पैपैसा साठवून, मळ्यांच्या फाळणीत, जिला येथे 'मोर्सेलमाँ' म्हणतात तीत, एक-दोन एकरांचे तुकडे विकत घेतले. तेच आजचे लहान ऊसउत्पादक. युरोपातील साखरेचे संरक्षित दर २००६ ते २००९ ह्या काळात छत्तीस टक्क्यांनी उतरल्यावर त्यांतील अनेकांना ऊस परवडेनासा झाला. साखरेचा पैसा त्यांस मिळे, पण त्यांच्याच उसाच्या चिपाडापासून होणाऱ्या विजेचा वाटा फार तुटपुंजा असे. ही त्यांची जुनी तक्रार होती. २०२१ च्या अर्थसंकल्पात तो मोबदला वाढविला गेला तेव्हा पुष्कळांनी ऊस सोडून दिला होता. मुले शहरात कचेरीत गेली, आणि वृद्धांस तोडणीस माणूस मिळेना.

आमच्या गावाबाहेर अशा एका कुटुंबाचा दीड एकर आहे. त्यांच्या पणजोबांनी दगड वेचून त्याभोवती रचलेली गडग अजून उभी आहे. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तेथे ऊस होता. गेल्या डिसेंबरात मुलांना घेऊन मी तेथून गेलो तेव्हा गवत त्यांच्या खांद्याइतके झाले होते, आणि वरून विजेची तार गेली होती. त्या भिंतीवाल्या मुलाने वर बोट दाखवून विचारले, "गुरुजी, ही तार कोठे जाते?" मी म्हणालो, "तुझ्या घरी." तो बराच वेळ त्या गवताकडे पाहत उभा राहिला.