नकली लेण्यांचं खरं बिल

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पाट्या भराभर बदलल्या. फर्दापूरच्या अजिंठा व्हिजिटर सेंटरच्या थकबाकीच्या बाबतीत ती चपळाई कुणी दाखवली नाही, म्हणून हा मागोवा.

1819मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली, 1983मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. ते गाइड तोंडपाठ सांगतातच. माझं अजिंठा नव्वदीतलं. तेव्हा गाड्या थेट पायथ्याशी लागायच्या, स्फटिक विकणारी पोरं अंगाशी यायची, सहलीची शाळकरी झुंबड उडायची. पहिल्या लेण्यात अंधार. रखवालदार वायरचा दिवा घेऊन पद्मपाणीच्या चित्रापुढे उभा राहायचा. दिवा एका बाजूने धरला की चेहरा उदास, दुसरीकडे नेला की ओठांवर किंचित हसू. गाइडांची ही ठरलेली करामत, पण माझी मान दर वेळी पुढे जायचीच. त्या दिव्यांनी आणि आमच्या श्वासांनी चित्रांची वाट लागत होती, हेही खरं.

त्यावर इलाज म्हणूनच जपानच्या कर्जातून आराखडे झाले. गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबल्या, शेवटचे चार किलोमीटर एसटीने जायचे, विक्रेतेही खाली आले. 2013मध्ये सेंटर उघडलं. आत 1, 2, 16 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती. इथे सावकाश बघा, मग खऱ्या लेण्यात थोडाच वेळ थांबा. कल्पना नामी होती. मी अजूनही तिच्या बाजूचा आहे.

पण लेणी पुरातत्त्व सर्वेक्षणाची, डोंगर वनखात्याचा, बस एसटीची आणि इमारत पर्यटन महामंडळाची. बारभाईची खेतीच ही. रोजच्या वीज-पाण्याचं काय, असं तेव्हा एका अधिकाऱ्याला विचारलं, तर ‘तुम्हा लोकांना चांगलं बघवत नाही’ असं ऐकून घ्यावं लागलं. काही वर्षांतच वीज-पाण्याची बिलं थकली आणि सेंटरला टाळं लागलं. ज्या गर्दीला तिथे रेंगाळायचं होतं, ती पुन्हा थेट पद्मपाणीपुढे.

आता नव्या घोषणा होतील, कोनशिलाही बसतील. त्याआधी या चारही खात्यांनी एका टेबलाशी बसून वीज-पाण्याचा खर्च कुणाच्या खात्यातून जाणार, एवढं लेखी द्यावं. जपानने दिलं ते कर्ज होतं, देणगी नव्हती.