कार्यालयीन संगणक-जाळ्यात ई-मेल क्लायंटकडून होणारा निर्देशिका सर्व्हरचा शोध

प्रस्तावना :
मोठ्या संस्थेतील कर्मचारी ई-मेल लिहिताना सहकाऱ्याच्या नावाची काही अक्षरे टंकित करतो आणि पूर्ण नाव व पत्ता पडद्यावर येतो. ही माहिती मुळात निर्देशिका सर्व्हरवर साठविलेली असते. जाळ्यात असे अनेक सर्व्हर असताना क्लायंट त्यांपैकी एकाची निवड कशी करतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात आउटलुक, एक्सचेंज व ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींच्या आधारे केले आहे.

पार्श्वभूमी :
एक्सचेंज ५.५ या आवृत्तीपर्यंत मेल सर्व्हरची स्वतःची निर्देशिका असे; त्यामुळे शोधाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. विंडोज २००० सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि एक्सचेंज २००० ने आपली निर्देशिका तिच्याकडे सोपविली. मेल एका सर्व्हरवर व पत्ते दुसऱ्यावर, अशी विभागणी झाली. पत्त्यांसाठी 'ग्लोबल कॅटलॉग' सर्व्हर वापरला जातो. त्यात संपूर्ण 'फॉरेस्ट'मधील सर्व नोंदी असतात, मात्र इतर डोमेनमधील नोंदींचे निवडक गुणधर्मच आणि तेही केवळ वाचनासाठी असतात. एलडॅप पद्धतीने तो पोर्ट ३२६८ वर उत्तर देतो. सामान्य एलडॅप सेवेचे पोर्ट ३८९ आहे.

डीएनएसद्वारे शोध :
शोधाचा पाया डीएनएसमधील 'एसआरव्ही' नोंदी हा आहे. आरएफसी २७८२ (सन २०००) नुसार अशा नोंदीत सेवा देणाऱ्या यंत्राचे नाव, पोर्ट, अग्रक्रम व भार दिलेला असतो. अग्रक्रमाचा आकडा जितका लहान, तितकी पसंती आधी; अग्रक्रम समान असल्यास भाराच्या प्रमाणात विभागणी होते.

विंडोज संगणक या नोंदींवरून एका डोमेन कंट्रोलरला विचारणा करतो. तो कंट्रोलर विचारणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून त्याची 'साइट' कोणती ते कळवितो आणि पुढील शोध त्या साइटपुरता होतो. शाखेचा सबनेट कोणत्याही साइटशी जोडलेला नसेल, तर संगणकाला दूरचा सर्व्हरही मिळू शकतो. येथे दोष तंत्राचा नसून अपुऱ्या नोंदींचा असतो.

मेल सर्व्हरची शिफारस :
आउटलुक मात्र हा शोध प्रत्येक वेळी स्वतः घेत नसे. एक्सचेंज २००० ते २००७ या आवृत्त्यांत मेल सर्व्हरवरील 'डीएसप्रॉक्सी' हा घटक जुन्या क्लायंटची विचारणा स्वतः पुढे पाठवीत असे, तर नव्या क्लायंटला एका ग्लोबल कॅटलॉगचे नाव सुचवीत असे. क्लायंट ते नाव आपल्या प्रोफाइलमध्ये जपून ठेवी व पुढे थेट त्याच सर्व्हरशी बोले.

'जवळचा' म्हणजे कोणाच्या जवळचा?
ही शिफारस मेल सर्व्हरच्या सान्निध्यावर आधारलेली असे, वापरकर्त्याच्या नव्हे. मेल सर्व्हर मुख्यालयात व कर्मचारी दूरच्या शाखेत असल्यास, शाखेतच ग्लोबल कॅटलॉग असूनही प्रत्येक नावाची विचारणा मंद दुव्यावरून मुख्यालयात जाई. यावर उपाय म्हणून रजिस्ट्रीमध्ये 'क्लोझेस्ट जीसी' हे मूल्य ठेवता येई. मग आउटलुक आपल्या साइटमधील सर्व्हर निवडी. परंतु निवडलेला सर्व्हर भिन्न डोमेनचा निघाल्यास तेथील प्रत केवळ वाचनासाठी असल्याने, वितरण-यादीतील सदस्य बदलण्याचा यादी-व्यवस्थापकाचा प्रयत्न निष्फळ ठरे. अर्थात, वेग आणि लेखनक्षमता या दोन गरजांचे उत्तर एकच सर्व्हर असेलच असे नाही.

नंतरचे बदल :
आउटलुक २००३ मधील कॅश्ड पद्धतीमुळे पत्तापुस्तिकेची प्रत क्लायंटवरच राहू लागली व बहुतेक विचारणा जाळ्यावर जाईनाशा झाल्या. आउटलुक २००७ पासून डोमेनमधील संगणक 'ऑटोडिस्कव्हर'ची नोंद निर्देशिकेतच शोधतो. म्हणजे मेल सर्व्हर सापडण्यासाठी आधी निर्देशिका सापडावी लागते. एक्सचेंज २०१० मध्ये क्लायंट ॲक्सेस सर्व्हरने पत्तापुस्तिकेची सेवा स्वतःकडे घेतली आणि आउटलुकने ग्लोबल कॅटलॉगशी थेट बोलण्याची गरज संपली.

निष्कर्ष :
निर्देशिका सर्व्हरचा शोध ही डीएनएस, साइटची रचना व मेल सर्व्हर यांची संयुक्त क्रिया आहे. पत्तापुस्तिका मंद झाल्याची तक्रार आल्यास व्यवस्थापकाने केवळ क्लायंट न तपासता, सबनेटची साइटशी जोडणी व एसआरव्ही नोंदी प्रथम तपासणे इष्ट ठरते.